उंदीर पडू लागले की...

हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्या मध्ये कॉटन ग्रीन आहे. स्टेशनाच्या पूर्वेला बंदराची जमीन आणि तिच्यावर जुन्या गोदामांच्या रांगा. कुलाब्यातला कापूस बाजार १९२०च्या दशकात इथे आला आणि त्यानेच या भागाला नाव दिले. कापसाच्या गाठी पुढे ओसरल्या, पण माल साठवण्याची सवय या जमिनीला लागली ती लागलीच. जिथे गोण्या, तिथे सांडलेले दाणे, आणि जिथे दाणे तिथे उंदीर आणि घुशी. पश्चिमेला परळमध्ये, इथून थोड्याच अंतरावर, हाफकिन संस्थेची जुनी इमारत उभी आहे. उंदराचा रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो, या प्रश्नाचे जगाने मान्य केलेले पहिले पक्के उत्तर याच इमारतीच्या आवारात मिळाले.

ते उत्तर मिळायला दहा वर्षे लागली, आणि त्या दहा वर्षांत लाखो माणसे गेली.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीतल्या एका रुग्णाला तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांना त्याचा ताप आणि जांघेतली गाठ वेगळी वाटली. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची पेठ. गोदाम आणि राहती खोली यांच्यामध्ये अनेकदा एकच भिंत असे. व्हिएगस मूळचे गोव्याचे आणि महापालिकेचे सदस्यही होते. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले. व्यापार बुडेल या भीतीने अनेकांना ते ऐकायचे नव्हते. पण हिवाळा सरेपर्यंत शहर रिकामे होऊ लागले. १८९१च्या जनगणनेत मुंबईत ८ लाख २१ हजार माणसे होती. १९०१मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या गिरणगावाच्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटली, यावरून त्या साथीचा हाहाकार कळतो. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. घरझडत्या आणि सक्तीच्या विलगीकरणामुळे पुण्यात संताप धुमसला आणि जूनमध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली.

प्लेगचा जंतू तेव्हा अनोळखी नव्हता. १८९४मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला होता. प्रश्न होता तो कसा पसरतो याचा. सरकारी यंत्रणेचा विश्वास घाणीवर होता. गटारांत कार्बोलिक ओतले गेले, घरे धुतली गेली, माणसांचे सामान जाळले गेले. १८९६च्या ऑक्टोबरात मुंबईत आलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. १९२५पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. लसीने जीव वाचले, पण प्लेग येतो कुठून, हे लस सांगू शकत नव्हती.

खेड्यापाड्यांतल्या लोकांना मात्र एक गोष्ट नेमकी ठाऊक होती. घरात उंदीर पडला की घर सोडायचे. आढ्यावरून एखादा उंदीर झिंगत खाली आला आणि मेला, तर कुटुंबे भांडीकुंडी उचलून गावाबाहेर रानात झोपड्या घालून राहत. या शहाणपणामागची साखळी त्यांना माहीत नव्हती, पण क्रम माहीत होता. आधी उंदीर, मग माणूस. १८९८मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमोन यांनी आजारी उंदरावरच्या पिसवा निरोगी उंदराला रोग देतात, हे एका प्रयोगात दाखवले. बहुतेक तज्ज्ञांनी ते मनावर घेतले नाही.

परळच्या प्रयोगशाळेतल्या ग्लेन लिस्टन यांनी घेतले. १९०३मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेतले गिनीपिग एकाएकी मरू लागले. लिस्टन यांनी ते तपासले. त्यांना प्लेग झाला होता आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा होत्या. गिनीपिगवर त्या एरवी आढळत नाहीत. त्याच सुमारास एका चाळीत खूप उंदीर मेले आणि थोड्या दिवसांत भाडेकरू आजारी पडू लागले. लिस्टन यांनी त्या चाळीतल्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या. त्यांतही उंदराच्या पिसवा निघाल्या. यजमान उंदीर मेला की पिसू थंड पडलेले शरीर सोडते आणि जे उबदार अंग जवळ सापडेल त्याच्यावर चढते. चाळीच्या खोलीत ते अंग माणसाचे होते.

१९०५मध्ये रॉयल सोसायटी आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटच्या मदतीने प्लेग संशोधन आयोग नेमला गेला आणि त्याचे मुख्य काम परळला सुरू झाले. आयोगाचे प्रयोग आजही वाचावेत इतके स्वच्छ आहेत. आवारात मुद्दाम लहान लहान खोल्या बांधण्यात आल्या. काहींच्या कौलारू छपरांत उंदीर राहू शकत, पण जाळीमुळे खोलीत उतरू शकत नसत. खाली गिनीपिग ठेवले जात. आजारी आणि निरोगी गिनीपिग एकाच जागी, एकाच खाण्यावर ठेवले आणि पिसवा नसतील याची काळजी घेतली, तर निरोगी जनावरे निरोगीच राहिली. पिसवा सोडल्या की साथ पसरली. मग पिंजरे टांगले गेले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगला लागण झाली. दोन फुटांवर टांगलेला वाचला. पिसू काही इंचच उडी मारू शकते. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांनी काहीच फरक पडला नसता.

दुसरीकडे शहरभरातून उंदीर गोळा होत होते. एका वर्षात लाखाहून अधिक उंदीर परळला आणून, मांडून, फाडून तपासले गेले आणि प्रत्येक कुठल्या वस्तीतून आला याची नोंद ठेवली गेली. त्या नोंदींतून एक वेळापत्रक उमटले. प्लेग आधी गटारांत आणि जमिनीत राहणाऱ्या तपकिरी उंदरांत वाढतो. साधारण दहा दिवसांनी तो घरांत राहणाऱ्या काळ्या उंदरांत शिरतो, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडू लागतात. म्हणजे मुंबईसारख्या शहराला रोग सुमारे तीन आठवडे आधी सूचना देत होता. ती सूचना घ्यायला उंदीर तपासणारे लोक हवे होते, इतकेच.

पिसू जंतू नेमका कसा पोहोचवते, हे १९१४मध्ये उलगडले. मुंबईच्या संशोधनात अग्रभागी असलेले चार्ल्स मार्टिन आणि त्यांचे सहकारी आर्थर बॅकॉट यांनी लंडनमध्ये पिसवांची चिरफाड केली. पिसूच्या पोटाच्या तोंडाशी प्लेगचे जंतू वाढून बोळा बसतो. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, पण रक्त आत जात नाही. ते बोळ्याला धडकून जंतूंसह जखमेत परत येते. गोदामाचे महत्त्वही इथेच कळते. या पिसूच्या अळ्या धान्याच्या कोंड्यात आणि धुळीत वाढतात. गोण्यांच्या थप्प्यांखाली उंदीर आणि पिसू दोघांनाही पोसणारी जागा तयार असते. म्हणूनच प्लेगच्या भागात नुसते उंदीर मारत सुटणे धोक्याचे असते. आधी बिळांत कीटकनाशक टाकून पिसवा मारायच्या आणि नंतर उंदीर, हा क्रम आजही जगभर पाळला जातो. उलटे केले तर हजारो उपाशी पिसवा माणसाकडे वळतात.

भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले आणि १९२०नंतर तो ओसरत गेला. का ओसरला, याचे एक महत्त्वाचे उत्तर पुन्हा परळमधूनच आले. १९३०च्या दशकात हाफकिनचे संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी यांनी वेगवेगळ्या शहरांतल्या उंदरांना प्लेगचा जंतू टोचून पाहिला. मद्रासमध्ये प्लेग फारसा रुजलाच नव्हता. तिथले उंदीर पटापट मेले. मुंबईचे बरेचसे उंदीर तगले. चार दशकांच्या साथीत दुबळे उंदीर मरून गेले होते आणि रोग पचवणाऱ्यांची पिढी उरली होती. जिथे उंदीर मरत नाहीत तिथे पिसवांना माणसाकडे जाण्याची वेळ येत नाही. मादागास्करमध्ये आजही प्लेग होतो आणि तिथल्या संशोधकांना अलीकडे हेच आढळले. प्लेगग्रस्त डोंगराळ भागातले उंदीर किनाऱ्यावरच्या उंदरांपेक्षा कणखर आहेत. १९४०च्या दशकात सल्फा औषधांनी आणि त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिनने प्लेग बरा होणारा रोग झाला. त्याबरोबर त्याच्याकडे पाहणारी नजरही हळूहळू ढिली पडली.

त्या ढिलाईची किंमत १९९४मध्ये दिसली. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक गावांनी धास्तीने दगडमातीची घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत मुक्काम हलवला. धान्य जुन्या घरांतच राहिले. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुढच्या ऑगस्टमध्ये उंदीर पडू लागले, मग पिसवांचा त्रास वाढला आणि सप्टेंबरमध्ये काखेत, जांघेत गाठी आलेले रुग्ण समोर आले. परळच्या नोंदवहीतला जुना क्रम जसाच्या तसा घडला होता. त्याच महिन्यात सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची भीती पसरली, लाखो लोक शहर सोडून पळाले आणि मुंबईच्या स्टेशनांवर सुरतेहून आलेल्या प्रवाशांची तपासणी सुरू झाली. बीडमध्ये माणसाला पहिली गाठ येण्याआधी काही आठवडे हाताशी होते. मेलेल्या उंदरांची खबर वेळेवर प्रयोगशाळेत पोहोचावी अशी व्यवस्था तोवर विरून गेली होती.

आज मुंबईच्या उंदरांकडून येणारा मोठा धोका प्लेगचा नाही. तो लेप्टोस्पायरोसिसचा आहे आणि त्याचा हंगाम पावसाळा. हा स्क्रूसारखा पिळदार जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. उंदराला त्याचा त्रास होत नाही, पण आयुष्यभर तो मूत्रातून जंतू सोडत राहतो. पाऊस तुंबला की बिळे बुडतात, ते मूत्र पाण्यात मिसळते आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यांतून जंतू आत शिरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुराचे पाणी ओसरल्यावर पुढच्या आठवड्यांत तापाचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले आणि लेप्टो हे नाव घरोघरी गेले.

प्लेगमध्ये उंदीर स्वतः मरून इशारा देत असे. लेप्टोचा उंदीर धडधाकट हिंडत असतो. त्यामुळे इथे मेलेल्या उंदरांची वाट पाहून भागत नाही, जिवंत उंदीर पकडून त्यांची मूत्रपिंडे तपासावी लागतात. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहराच्या गरीब वस्त्यांत संशोधकांनी हे काम वर्षानुवर्षे केले. एका पाहणीत दहापैकी सुमारे आठ उंदरांत हा जंतू सापडला. उघडे गटार किती जवळ, घर उतारावर किती खाली, उंदीर दिसतात का, यावरून कोणत्या घराला धोका जास्त हेही त्यांनी मांडून दाखवले. जगभरात दरवर्षी सुमारे दहा लाख लोकांना लेप्टो होतो आणि जवळपास साठ हजार दगावतात, असा २०१५मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. कुत्री, गुरे, डुकरे यांनाही हा रोग होतो. कुत्र्यांसाठी लस आहे आणि पशुवैद्य ती देतात. त्यामुळे एकाच गल्लीतल्या कुत्र्याचा आणि माणसाचा ताप वेगवेगळ्या दवाखान्यांत तपासला जात असला, तरी मूळ एकच असू शकते. परळमध्ये १८८६पासून चालणारे पशुवैद्यकीय महाविद्यालय, हाफकिन संस्था आणि केईएम रुग्णालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. हा योग फार थोड्या शहरांना लाभला आहे.

माणसाला रोग देणाऱ्या ज्ञात जंतूंपैकी सुमारे साठ टक्के प्राण्यांकडूनही येऊ शकतात. म्हणून गेल्या काही वर्षांत माणसांचे डॉक्टर, पशुवैद्य आणि पर्यावरणाचे अभ्यासक यांनी एकत्र काम करावे, हा ‘वन हेल्थ’ म्हणजे ‘एकच आरोग्य’ विचार जगभर धोरणात उतरतो आहे. न्यूयॉर्कमध्ये १३३ उंदरांची जनुकीय तपासणी झाली. २०१४मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा तोवर अज्ञात असलेले १८ विषाणू त्यांत निघाले. २०१८मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी यकृत प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णात उंदरांचा हिपॅटायटिस ई विषाणू ओळखला. तो माणसाला होतो, हे त्याआधी कुणाला माहीत नव्हते. महाराष्ट्रातले उदाहरण कोकणातले आहे. कर्नाटकातल्या क्यासानूर जंगलात १९५७मध्ये माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा गोचिडीतून पसरणारा विषाणू शोधला. तोच माकडताप २०१६मध्ये सिंधुदुर्गात पोहोचला. काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांसाठी मेलेले माकड आता तीच खूण आहे, जी एकेकाळी मेलेला उंदीर होती.

मुंबईतही रुग्णाच्या आधी जंतू गाठण्याची उदाहरणे आहेत. हाफकिनच्याच आवारातल्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्राने २००१पासून मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधण्याचे काम चालवले. एकही मूल लुळे पडलेले नसताना विषाणू वस्तीत फिरतो आहे का, हे त्यातून कळत होते. देश २०१४मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला त्यामागे या नमुन्यांचा मोठा आधार होता. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात २०२१मध्ये जनुकीय क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळा उभी राहिली. नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२मध्ये झाली आहे.

पाळतीच्या या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित दुवा रात्री काम करतो. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे मूषक संहारक हातात काठी आणि बॅटरी घेऊन बाजार, गल्ल्या आणि गोदामांच्या कडेने फिरतात. प्रत्येकाला एका रात्रीत तीस उंदरांचे लक्ष्य असते. मारलेल्यांपैकी काही उंदरांची प्लेगसाठी हाफकिनमध्ये तपासणी होत आली आहे. या माणसांना कोणते बीळ जागते आहे, कोणत्या नाल्याकडून घुशी येतात, कोणत्या महिन्यात पिल्ले वाढतात, हे पाठ असते. त्यांनी आणलेल्या प्रत्येक उंदराचा पत्ता आणि तारीख नोंदली गेली, ठरावीक उंदरांची मूत्रपिंडे लेप्टोसाठी तपासली गेली आणि तो नकाशा पावसाळ्यापूर्वी विभागातल्या दवाखान्यांना मिळाला, तर कोणत्या वस्तीत तापाकडे संशयाने पाहायचे हे डॉक्टरांना आधीच कळेल. यासाठी लागणारे तंत्र महाग नाही. १९०५मध्ये ते कागद, पेन्सिल आणि सूक्ष्मदर्शकावर झाले होते. आज जंतूचा जनुकीय ठसा काही तासांत मिळतो. हे काम साथ नसतानाही थांबता कामा नये, आणि मारणाऱ्या माणसांना हातमोजे, गमबूट आणि त्यांच्या स्वतःच्या आरोग्याची नियमित तपासणी मिळायलाच हवी. उंदराच्या सर्वांत जवळ तेच जातात.

कॉटन ग्रीनला ही पाळत लवकर लागणार आहे. शहराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाच्या योजना पुढे सरकत आहेत. जुनी गोदामे पाडली की त्यांतले उंदीर नाहीसे होत नाहीत. ते घोडपदेव, काळाचौकी, शिवडीच्या चाळींकडे सरकतात. पाडकामापूर्वी धान्याचा कचरा हटवणे, बिळे शोधून पिसू आणि उंदीर दोघांचाही बंदोबस्त करणे आणि पकडलेले उंदीर तपासायला पाठवणे, या अटी कंत्राटात लिहिता येतात.

तोवर या भागातल्या माणसाच्या हातात एक साधी गोष्ट आहे. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, विशेषतः पायाला जखम असताना, तर ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जावे. तिथे डॉक्टर धोका पाहून डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिबंधक औषध देतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी पर्यायी औषध असते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर घरी गोळ्या घेत बसू नये. आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे : पाण्यातून चाललो होतो, गोदामात हमाली करतो, घराजवळ घुशी आहेत. पहिल्या आठवड्यात रक्तातला जंतू पीसीआर चाचणीत सापडू शकतो. काविळीपर्यंत आणि मूत्रपिंडे निकामी होईपर्यंत आजार गेला नाही, तर साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो.